जनित्राची दोरी ओढण्यापूर्वी

घरात एखादे नवे यंत्र आले म्हणजे ते कोणी चालवावयाचे याची फारशी चर्चा होत नाही. शिलाईचे यंत्र आईच्या वाट्याला येते, पाण्याचा पंप वडील सुरू करतात, आणि पेट्रोलवर चालणारे लहान जनित्र, ज्याला आपण सारे जनरेटर म्हणतो, ते घरातील किंवा गल्लीतील ज्या मुलाच्या दंडात जोर असेल त्याच्या हवाली होते. “ये रे, दोरी ओढ,” अशी हाक येते. मुलगा मोठ्या अभिमानाने पुढे होतो, दोन-चार झटक्यांत यंत्र धडधडू लागते, दिवे लागतात आणि मंडळी टाळ्या पिटतात. जनित्र सुरू करणे म्हणजे दोरी ओढणे, ही समजूत या हाकेतूनच रूढ झाली आहे. ती चुकीची तर आहेच, पण प्रसंगी जीवघेणी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. या साऱ्या व्यवहारात दोरी ओढणे हे सर्वांत सोपे आणि सर्वांत शेवटचे काम होय. त्यापूर्वी जे ठरवावयाचे, पाहावयाचे आणि मोजावयाचे असते, त्यालाच खरी अक्कल लागते; आणि ते ज्याला ठाऊक नाही त्याच्या हाती दोरी देऊ नये.

कोणी म्हणेल, आता घरोघर इन्व्हर्टर आले. या धडधडणाऱ्या यंत्राची मातब्बरी ती काय राहिली? गोकाकच्या धबधब्यावर १८८७ साली वीज निर्माण झाली, त्या जिल्ह्यात आपण राहतो. विजेची नवलाई आपल्याला केव्हाच उरलेली नाही. परंतु वीज नसणे म्हणजे काय, हे ऑगस्ट २०१९ च्या महापुराने बेळगाव, कोल्हापूर आणि सांगली या तिन्ही जिल्ह्यांना पुन्हा एकदा शिकविले. इन्व्हर्टरची बॅटरी काही तास साथ देते. नदीकाठच्या कित्येक गावांत वीज त्याहून पुष्कळ अधिक काळ नव्हती. शिवाय गणपतीचा मांडव, लग्नाचे कार्यालय, गावची जत्रा, आपल्या शाळेचे स्नेहसंमेलन, खडे बाजारातील एखादे दुकान, अशा ठिकाणी हे यंत्र अजूनही हमखास दिसते. त्यातही पुष्कळदा ते भाड्याने आणलेले असते, म्हणजे चालविणाऱ्याने ते पूर्वी कधी पाहिलेलेही नसते.

यंत्राचे तत्त्व दहावीच्या विद्यार्थ्याला नवे नाही. चुंबक आणि तारेचे वेटोळे यांपैकी एक दुसऱ्याजवळ फिरते ठेवले की तारेत प्रवाह उत्पन्न होतो, हे मायकेल फॅरडे याने १८३१ साली दाखविले. आपल्या जनित्रात ते फिरविण्याचे काम पेट्रोलचे इंजिन करते. बहुतेक लहान यंत्रे मिनिटाला ३००० फेऱ्या, म्हणजे सेकंदाला ५०, या वेगाने फिरतात. म्हणूनच आपल्या घरच्या विजेप्रमाणे ५० आवर्तनांची वीज त्यांतून मिळते. तत्त्व एवढेच. परंतु या एका पेटीत तीन वैरी एकत्र नांदत असतात : भडकणारे पेट्रोल, धक्का देणारी वीज आणि इंजिनाच्या नळीतून बाहेर पडणारा वायू. पहिल्या दोघांना आपण भितो, कारण ज्वाला दिसते आणि धक्का जाणवतो. तिसऱ्याची भीती कोणालाच वाटत नाही, आणि म्हणून तोच अधिक घातक ठरतो.

या वायूचे नाव कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. इंजिनाच्या धुराचा वास येतो तो इतर पदार्थांचा. वास येत नाही म्हणून हा वायू नाही, असा निष्कर्ष कोणी काढू नये. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूला धरून शरीरभर पोहोचविते. हा वायू त्याच हिमोग्लोबिनला प्राणवायूहून दोनशेपटींपेक्षाही अधिक घट्टपणे चिकटतो. मग श्वास चालू असूनही शरीराला प्राणवायू मिळत नाही. प्रथम डोके दुखते, चक्कर येते, मळमळते, हातापायांतले बळ जाते. पुराच्या धावपळीत किंवा उत्सवाच्या जागरणात या तक्रारींना थकवा म्हणून सोडून देणे किती सोपे आहे ! माणूस अंमळ पडतो, आणि झोपलेल्या माणसाला हा वायू जागे करीत नाही.

आपल्या आज्यांना हे शास्त्र ठाऊक नव्हते, पण अनुभव होता. बाळंतिणीच्या खोलीत कोळशाची शेगडी ठेवताना जाणती बाई दार-खिडकी पूर्ण मिटू देत नसे. तोच नेम जनित्राला लावून “खिडकी उघडी ठेवली की झाले” असे मात्र कोणी समजू नये. शेगडी कुठे आणि हे इंजिन कुठे ! अमेरिकेतील ग्राहक-सुरक्षा आयोग सांगतो की, एक सुटसुटीत जनित्र शेकडो मोटारगाड्यांइतका कार्बन मोनॉक्साइड बाहेर टाकते. त्याच देशात अशा जनित्रांच्या वायूने दरवर्षी सुमारे शंभर माणसे दगावतात, असा त्या आयोगाचा अंदाज आहे. ऑगस्ट २०२० मध्ये लुइझियाना राज्यावर ‘लॉरा’ नावाचे चक्रीवादळ आदळले. वादळातून वाचलेली माणसे वीज गेल्यामुळे जनित्र लावून बसली, आणि त्यांतल्या अनेकांचा जीव वादळाने नव्हे, तर त्या जनित्राने घेतला. जो देश यंत्रविद्येत पुढारलेला म्हणून आपण मानतो, तेथील ही कथा आहे.

म्हणून पहिला प्रश्न जागेचा, आणि माझ्या मते तोच मुख्य प्रश्न. जनित्र घराबाहेर, मोकळ्या हवेत, दारे-खिडक्यांपासून निदान वीस फुटांवर असावे आणि त्याच्या धुराच्या नळीचे तोंड घरापासून दूर वळविलेले असावे. पडवी म्हणजे बाहेर नव्हे. ओसरी नव्हे, जिन्याखालची जागा नव्हे, शटर अर्धे उघडे ठेवलेले दुकान किंवा गॅरेजही नव्हे. आपली खिडकी वाचवून नळी शेजाऱ्याच्या खिडकीकडे वळविणारे महाभागही आहेत. त्यांच्याविषयी न बोललेलेच बरे. वारा फिरला तर यंत्रही फिरवावे लागते, हे ध्यानी ठेवावे.

येथे खरी अडचण दोन प्रकारची आहे आणि ती मी झाकून ठेवीत नाही. एक तर आपल्या जुन्या गल्ल्यांतून घराला घर चिकटलेले; वीस फूट मोकळी जागा आणावी कोठून? दुसरे असे की, वीज जाते ती बहुधा पावसात, आणि पावसात यंत्र उघड्यावर ठेवता येत नाही, कारण पाणी आणि वीज यांचे जमत नाही. नेमक्या याच वेळी “तेवढ्यापुरते आत घेऊ या” हा विचार सुचतो. पहिल्या अडचणीवर तोड अशी की, दोन-चार घरांनी मिळून चौकात किंवा परसात एकच जनित्र लावावे. दुसरीवर अशी की, चारही बाजूंनी उघडे असलेले छप्पर किंवा लोखंडी पत्र्याचा आडोसा यंत्रावर उभारावा, यंत्र ओल्या मातीवर न ठेवता उंच, सपाट आणि कोरड्या जागी ठेवावे आणि ओल्या हातांनी त्याला स्पर्श करू नये. या दोहोंपैकी काहीच शक्य नसेल तर त्या रात्री जनित्र लावू नये. कंदील आणि मेणबत्तीवर एक रात्र निघते.

तरीही कोणाला डोकेदुखी आणि मळमळ एकदम सुरू झाली, विशेषतः घरातील दोघातिघांना एकाच वेळी झाली, तर कारण शोधीत बसू नये. सर्वांनी ताबडतोब मोकळ्या हवेत यावे आणि १०८ क्रमांकाला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. या वायूची सूचना देणारी, बॅटरीवर चालणारी लहान उपकरणे बाजारात मिळतात. जनित्रावर हजारो रुपये खर्च करणाऱ्याने त्या उपकरणाला महाग म्हणणे मला शोभणारे वाटत नाही.

जागा ठरली म्हणजे पेट्रोलकडे वळावे. घासलेटाच्या दिव्यांत वाढलेल्या पिढीची एक सवय आपल्याला बाधते. घासलेटाला पेट घेण्याजोगी वाफ सुटण्यास ते साधारण ३५ अंश सेल्सिअसच्या वर तापावे लागते. म्हणून थोडे सांडले तरी पूर्वीच्या बायका फडक्याने पुसून मोकळ्या होत. पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांनाही पेट घेऊ शकते, म्हणजे आपल्याकडच्या कोणत्याही दिवशी, कोणत्याही वेळी. ही वाफ हवेहून जड असल्याने जमिनीलगत पसरत जाते आणि दूरच्या समईपाशी किंवा विडीपाशीही पोहोचते. चालत्या किंवा तापलेल्या जनित्रात पेट्रोल कधीही ओतू नये. सायलेन्सर शेकडो अंश तापलेला असतो आणि टाकी त्याच्यापासून हातभरही दूर नसते. यंत्र बंद करावे, निदान पंधरा-वीस मिनिटे थंड होऊ द्यावे, मग नाळक्याने पेट्रोल भरावे, टाकी काठोकाठ न भरता वाफेला थोडी जागा ठेवावी. हे काम मोठ्या माणसानेच करावे. दिवे मध्येच गेले म्हणून कार्यक्रमातील प्रेक्षक शिट्या वाजवू लागतात आणि ओतणाऱ्याची घाई होते. यास्तव कार्यक्रम सुरू होण्यापूर्वीच टाकी भरून घेणे, आणि मध्यंतर लांबविणे, हे संयोजकांचे कर्तव्य आहे.

पाण्याच्या रिकाम्या बाटलीतून पेट्रोल आणण्याची पद्धत तर इतकी रुळली आहे की तिच्यात काही गैर आहे असे कोणाला वाटत नाही. १९३४ चा पेट्रोलियम कायदा घरगुती गरजेपुरते थोडे पेट्रोल परवान्यावाचून बाळगू देतो, पण ते कशात ठेवावे हेही सांगतो : काच किंवा चिनी मातीचे भांडे असेल तर एक लिटरपर्यंत, धातूचे असेल तर पंचवीस लिटरपर्यंत, आणि घट्ट बुचाचे. प्लॅस्टिकच्या पाणी-बाटलीचा त्यात उल्लेख नाही. ती बाटली तहानलेल्या लहान मुलाच्या हाती लागण्याचा धोका तर वेगळाच.

आता इंजिन. नव्या यंत्रात बहुधा ऑइल भरलेले नसते. ते पुस्तिकेत सांगितलेल्या जातीचे आणि मापाचे भरावे. जुन्यातही दर वेळी यंत्र सपाट जागी ठेवून पट्टी काढून ऑइलची पातळी पाहावी. अनेक यंत्रांत ऑइल कमी असल्यास इंजिन सुरूच होऊ नये अशी सोय असते, आणि आपण मात्र घामाघूम होईपर्यंत दोरी ओढीत राहतो ! पेट्रोल जुने असल्यास तेही घात करते. महिना-दोन महिने टाकीत राहिलेल्या पेट्रोलचा चिकट साका कार्ब्युरेटरमध्ये बसतो, आणि हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असल्याने ते हवेतील ओलावाही ओढून घेते. एअर फिल्टर धुळीने भरला नाही ना, स्पार्क प्लगची टोपी घट्ट आहे ना, एवढे पाहिले की पुरे.

या क्षणी यंत्राला एकही दिवा, एकही पंखा जोडलेला नसावा. पेट्रोलचा कॉक उघडावा, इंजिन थंड असल्यास चोक लावावा, स्विच चालू करावा. एका हाताने यंत्राची चौकट पक्की धरून दोरी प्रथम हळूहळू ओढावी. कोठेतरी अडल्यासारखे वाटते. तेथपर्यंत आणून मग एका सरळ, जलद झटक्याने ओढावी. ओढलेली दोरी हातातून तशीच सोडू नये, हाताबरोबर आत जाऊ द्यावी. सोडलेली मूठ सपकन परत जाऊन यंत्रावर आपटते. चार-पाच झटक्यांत सुरू न झाल्यास जोर वाढविण्यात अर्थ नसतो. पेट्रोलचा उग्र वास येत असेल तर इंजिनात ते अधिक गेले आहे. थोडा वेळ थांबून चोक काढून पुन्हा पाहावे. सुरू झाल्यावर इंजिन तापेल तसा चोक काढीत जावा आणि दोन-तीन मिनिटे ते रिकामे चालू द्यावे. दोरीचे काम ते एवढे.

भार जोडताना मोजणी हवी, आणि ही मोजणी सातवीतला विद्यार्थीही करू शकतो. छताचा पंखा सुमारे ७५ वॅट, एलईडी दिवा ९ वॅट, इस्त्री १००० वॅट, पाणी तापविण्याचा गीझर २००० वॅट. एक किलोवॅटच्या जनित्राला गीझर जोडणे म्हणजे शिंगरावर हत्तीची अंबारी चढविणे होय. ज्यांत मोटार असते त्या वस्तूंचा स्वभाव आणखी लबाड असतो. रेफ्रिजरेटर किंवा पंप सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट वीज मागतो. म्हणून मोठी मोटार आधी, एकटी जोडावी; ती स्थिरावल्यावर बाकीची उपकरणे एकेक करून जोडावीत. वायर तीन तारांची आणि भाराला पुरेल इतकी जाड असावी, आणि तिचे भेंडोळे पूर्ण उलगडावे, कारण गुंडाळलेली वायर तापते.

मात्र ही वायर जनित्रापासून थेट पंख्याला वा दिव्याला जावी. एक घातक युक्ती पुष्कळ ठिकाणी चालते. दोन्ही टोकांना पिना असलेली वायर तयार करावयाची, एक टोक जनित्रात आणि दुसरे भिंतीतल्या सॉकेटमध्ये खोचावयाचे, म्हणजे साऱ्या घरात दिवे ! हे करणारा स्वतःला मोठा हुशार समजतो. परंतु ती वीज घरातच थांबत नाही. मीटरमधून ती बाहेरच्या खांबावर जाते, तेथून डीपीवर. डीपी म्हणजे ट्रान्स्फॉर्मर. तो ११,००० व्होल्टची वीज उतरवून घरगुती २३० व्होल्टवर आणतो. उलट दिशेने वीज शिरली की तोच ट्रान्स्फॉर्मर २३० चे पुन्हा हजारो व्होल्ट करतो. आणि त्या तारेवर, भर पावसात, पुरवठा बंद आहे असे मानून, आपल्याचसाठी वीज परत आणण्याकरिता एक लाइनमन चढलेला असतो. त्याची बायको-मुले आपल्या ओळखीची नसतात, एवढाच काय तो फरक. शिवाय पुरवठा अचानक परत आला तर जनित्रही जळते, आणि मोकळ्या टोकाच्या पिनांना कोणाचा हात लागला तर तोही जातो. घराच्या वायरिंगला जनित्र जोडावयाचेच असेल तर परवानाधारक वायरमनकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्यावा; त्याने एका वेळी एकच वीज घरात येऊ शकते, दोन्ही एकत्र येतच नाहीत. अर्थिंगही त्याच्याकडूनच पाहून घ्यावे. भाड्याने यंत्र देणाऱ्यांनी दोन पिनांची वायर सोबत देणे ताबडतोब बंद करावे, आणि मंडळाच्या कार्यकर्त्यांनी ती दिली तरी परत करावी.

बंद करण्याचा क्रम उलटा आहे. आधी उपकरणे काढावीत, मग यंत्र दोन-तीन मिनिटे रिकामे चालवावे, मग स्विच बंद, मग पेट्रोलचा कॉक बंद. बरेच दिवस वापर नसेल तर टाकी रिकामी करून ठेवावी.

हे सारे यंत्रासोबत येणाऱ्या पुस्तिकेत लिहिलेले असते, असे कोणी म्हणेल. असते; पण ती पुस्तिका बहुधा इंग्रजीत असते, फार तर सोबत हिंदी, आणि ती दुकानातून आली तशी कपाटात जाते. जे घर मराठीत बोलते, मराठीत हिशेब ठेवते आणि मराठीत देवाची आरती म्हणते, त्या घरी जीव वाचविणारा मजकूर मात्र परभाषेत कपाटबंद असतो. मराठी माध्यमाच्या शाळेने येथे काही करावे असे मला वाटते. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनी विज्ञानाच्या तासाला आपापल्या घरच्या, दुकानाच्या किंवा मंडळाच्या जनित्राची पुस्तिका आणावी आणि तिच्यातील आवश्यक तेवढा भाग सोप्या मराठीत उतरवावा. पुठ्ठ्याच्या एका पाठीवर मावेल इतकाच असावा : जागा, पेट्रोल, ऑइल, भार, लाइनमन, आणि १०८. आपल्या गावात मांडवाचे यंत्र चालविणारा पुष्कळदा कन्नड बोलणारा असतो, म्हणून दुसऱ्या पाठीवर तोच मजकूर कन्नडमध्ये लिहावा; त्यासाठी मदत करणारे शेजारी गल्लीत कमी नाहीत. मसुदा विज्ञानाच्या शिक्षकांना आणि एका अनुभवी वायरमनला दाखवून दुरुस्त करून घ्यावा. पुठ्ठा पावसाने भिजू नये म्हणून त्यावर प्लॅस्टिक चढवून तो यंत्राच्या मुठीला सुतळीने बांधावा, म्हणजे दोरीला हात घालणाऱ्याला तो बाजूला सारल्यावाचून पुढे जाता येणार नाही.